वर्णन आणि वचन

मनुष्य जें करितो तें सांगणें आणि जें करीन म्हणतो तें सांगणें, ह्या दोहोंत अंतर आहे हें लहान मुलासहि कळतें. ‘मी रोज सहाला उठतों’ असें म्हणणारा आपल्या दिनचर्येचें वर्णन करितो; ‘उद्यां सहाला उठेन’ असें म्हणणारा वचन देतो. पहिला सातला उठूं लागला तर त्याचें विधान खोटें ठरतें, आणि तें बदलून ‘सातला उठतों’ असें केलें कीं काम संपतें. दुसरा सातला उठला तर त्याचे शब्द जागच्या जागींच राहतात, आणि दोष मनुष्याकडे येतो. वर्णन व वस्तुस्थिति ह्यांचें जमलें नाहीं म्हणजे दुरुस्ती शब्दांची व्हावयाची. वचन व कृति ह्यांचें जमलें नाहीं म्हणजे दुरुस्ती कृतीची व्हावयाची.

इतक्या उघड भेदावर नव्यानें लिहिण्याचें कारण काय, असें कोणी विचारील. कारण असें कीं, वर्णनालाच वचनाचा पोशाख चढवून देणारीं साधनें गेल्या कांहीं वर्षांत सर्रास वापरांत आलीं आहेत, आणि ज्यांच्या व्यवहारांत तीं शिरलीं आहेत त्यांपैकीं बहुतेकांस त्यांचें नांवहि ठाऊक नाहीं. तीं साधनें कोणतीं हें समजण्यास फार दूर जावयास नको. ठाणें जिल्ह्यांत पडघ्यापर्यंत गेलें तरी पुरे.

भिवंडी तालुक्यांतील पडघा हें मुंबई-आग्रा महामार्गावरचें गांव. ह्या पट्ट्यांत रस्त्याच्या दोहों अंगांस, जेथें पूर्वीं भाताचीं खाचरें होतीं तेथें, आज गोदामांचीं लांबच लांब पत्र्याचीं छपरें दिसतात. मुंबईच्या बाजारास लागणारा पुष्कळ माल येथें उतरतो आणि येथून वांटला जातो. गांवाशेजारीं विजेचें एक मोठें केंद्र आहे. चंद्रपूरहून निघालेली ७५२ किलोमीटर लांबीची एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९९ पासून तेथें येऊन संपते, आणि १५०० मेगावाटपर्यंत वीज तेथें प्रत्यावर्ती प्रवाहांत बदलून पुढें जाते. दोन निराळ्या जातींच्या व्यवस्था जेथें एकमेकींस भेटतात तेथें भेटीची रीत आधीं काटेकोरपणें ठरवावी लागते, हें त्या केंद्रांतील माणसांस कोणीं सांगावयास नको. गोदामांतहि हीच गोष्ट आहे. फक्त तेथें भेटणाऱ्या व्यवस्था डोळ्यांस दिसत नाहींत.

इंदूरहून मालाचा एक ट्रक नाशकाच्या वाटेनें ह्या गोदामांपैकीं एकाकडे येतो असें धरूं. माल ५०,००० रुपयांहून अधिक किंमतीचा असल्यास १ एप्रिल २०१८ पासून अशा आंतरराज्य वाहतुकीस ई-वे बिल लागतें, आणि तें पुष्कळदां व्यापाऱ्याच्या हिशेबाच्या संगणकानें सरकारी संगणकाकडून परस्पर मागून घेतलेलें असतें. वाटेवर टोलनाके आहेत; पडघ्यानजीकचा अर्जुनलीचा नाका त्यांपैकींच एक. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यावर गाडीच्या काचेवरची चिठ्ठी नाक्याचें यंत्र वाचतें, नाका आपल्या बँकेला कळवितो, ती बँक मध्यवर्ती व्यवस्थेला, आणि ती व्यवस्था गाडीवाल्याच्या बँकेला. पुढें गोदामाच्या फाटकावर एक संगणक ट्रकची आवक नोंदवितो, वजनकांटा दुसऱ्यास वजन कळवितो, तिसरा त्यावरून हमालांची मजुरी काढतो. ह्या साऱ्या प्रवासांत माणसें एकमेकांशीं जितके शब्द बोलतात त्यांहून पुष्कळ अधिक यंत्रें एकमेकांशीं बोलतात.

मनुष्यास ‘वजन किती?’ असें विचारलें तर तो विचारणाराचा रोख ओळखून टनांत सांगावें कीं क्विंटलांत हें ठरवितो, आणि शंका आली तर उलट विचारतो. यंत्रास ही सोय नाहीं. म्हणून कोणता प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावा, उत्तर कोणत्या आकारांत मिळेल, आणि कांहीं चुकलें तर तें कसें कळविलें जाईल, हें अगोदर ठरवून ठेवावें लागतें. यंत्रायंत्रांमधील ह्या ठरलेल्या प्रश्नोत्तरास एपीआय म्हणतात, आणि तें ठरलें आहे तें जेथें लिहून ठेवावयाचें त्या कागदास स्पेसिफिकेशन. आपण त्यास विनिर्देश म्हणूं. असे विनिर्देश लिहिण्याची आज सर्वांत प्रचलित असलेली पद्धति वर्डनिक ह्या इंग्रजी शब्दकोशाचा व्यवसाय करणाऱ्या कंपनींत टोनी टॅम ह्यांनीं सुरू केली. २०११ च्या सुमारास तिचें नांव स्वॅगर होतें; २०१५ सालीं ती लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयाखालील एका मंडळाकडे गेली व २०१६ पासून ओपनएपीआय ह्या नांवानें चालते. शब्दांचे अर्थ टिपणाऱ्यांच्या घरांत ती जन्मली, ही गोष्ट मला गंमतीची वाटते. कारण पुढें जो प्रश्न उभा राहतो तो कोशकाराच्या ओळखीचाच आहे.

असा विनिर्देश हातानें लिहिणें हें कंटाळवाणें काम आहे. आज्ञावली, म्हणजे यंत्रानें काय करावें ह्याचा मूळ लेख, रोज बदलत असते. ती बदलणारा मनुष्य घाईंत असतो, आणि कागद बदलण्याचें काम उद्यांवर पडतें. सहा महिन्यांनीं कागद एक सांगतो आणि यंत्र दुसरें करितें. कागदावर विश्वासून आपलें यंत्र जुळविणारा तिसराच कोणी फसतो. ह्या दुखण्यावर उपाय म्हणून आज्ञावली वाचून तीवरून विनिर्देश आपोआप तयार करणारीं साधनें निघालीं. फास्टएपीआय ह्या २०१८ सालीं निघालेल्या चौकटींत पायथन भाषेंतली आज्ञावली लिहितांना कोणतें मूल्य कोणत्या जातीचें आहे हें नोंदविलें कीं विनिर्देश विनासायास हातीं येतो. इतर भाषांतहि अशीं साधनें आहेत. ह्या कागदाचा मोठा गुण हा कीं तो शिळा होत नाहीं. यंत्र जसें आहे तसें तो आज सांगतो, आणि उद्यां यंत्र बदललें कीं उद्यां तो बदललेलें सांगतो. ज्यानें वर्षानुवर्षें खोट्या कागदांवर डोकें फोडून घेतलें आहे त्यास हें वरदान वाटलें तर नवल नाहीं, आणि त्याच्या आनंदावर पाणी ओतण्याची माझी इच्छा नाहीं.

प्रश्न एवढाच कीं, हा जो कधींच खोटा न ठरणारा कागद हातीं आला, तो विनिर्देश आहे काय?

आपल्या मीमांसकांनीं वेदवाक्यांचा विचार करितांना विधि आणि अनुवाद असा एक भेद केला आहे. जें इतर कोणत्याहि प्रमाणानें कळलेलें नाहीं तें जो सांगतो तो विधि. जें अन्य मार्गानें आधींच कळलेलें आहे तेंच पुन्हां सांगणारें वाक्य म्हणजे अनुवाद; विस्तवानें थंडी जाते हें वेदांत आलें म्हणून त्याला आज्ञेचें सामर्थ्य येत नाहीं. ग्रंथ तोच, भाषा तीच, पठण करणाराहि तोच, आणि तरीहि एक वाक्य बांधून घेतें व दुसरें घेत नाहीं. कारण बंधकता वाक्याच्या रूपांत नसून तें काय नवीन सांगतें ह्यावर अवलंबून असते. आज्ञावलीवरून काढलेल्या विनिर्देशांत आज्ञावलींत नाहीं असें एक अक्षरहि असावयाचें नाहीं. तसें असेल तर साधन बिघडलें आहे असें आपण म्हणूं. म्हणजे तो कागद व्याख्येनेंच अनुवाद आहे. त्याची भाषा मात्र विधीची असते. ‘वजन: पूर्णांक. आवश्यक.’ असें तो लिहितो, आणि वाचणारास वाटतें कीं कोणीं तरी विचार करून तसें ठरविलें आहे.

ह्यांत कोणाचें काय जातें हें पाहण्यासाठीं एक प्रसंग कल्पावा. गोदामांत उतरलेल्या मालाचें वजन किलोंत येतें व मजुरी टनांवर ठरलेली आहे, म्हणून आज्ञावली लिहिणारानें किलोंना हजारानें भागलें. पुष्कळ संगणकभाषांत पूर्णांकास पूर्णांकानें भागलें म्हणजे अपूर्णांक गळून पडतो. जवळच्या अंकाकडे झुकण्याचा रिवाजहि तेथें पाळला जात नाहीं. एका दिवसांत १७.६, ९.८, १२.४ आणि १५.९ टनांचे चार ट्रक उतरले तर हमालांनीं उतरविलेला माल ५५.७ टन होतो आणि यंत्राच्या हिशेबीं ५३ टन. बाकीचे २.७ टन माणसांच्या पाठींवरून उतरले, पण नोंदींत आले नाहींत. मुकादम शंका घेऊन कचेरींत जातो. कारकून प्रामाणिक आहे. तो मजुरीचा हिशेब पुन्हां करून पाहतो, आणि यंत्रानें दिलेल्या ५३ टनांशीं तो बरोबर जुळतो. तो संगणकाच्या माणसास विचारतो. तोहि प्रामाणिक आहे. तो विनिर्देश उघडून पाहतो, तेथें ‘वजन: पूर्णांक’ असें स्पष्ट लिहिलें आहे, आणि यंत्र पूर्णांकच देत आहे. सर्व कांहीं नियमाप्रमाणें चाललें आहे असें उत्तर मुकादमास मिळतें.

परंतु नियम कोणीं केला? ज्या चुकीच्या भागाकाराविषयीं तक्रार आहे त्याच भागाकारावरून तो कागद निघाला आहे. आरोपीच्या जबानीची नक्कल करून तीच स्वतंत्र साक्ष म्हणून पुढें ठेवावी, तसा हा प्रकार झाला. येथें कोणी लबाडी केली असती तर काम सोपें होतें. येथें तीन सज्जन माणसें आहेत, आणि मजुरी तरीहि बुडाली. महाराष्ट्रानें १९६९ सालीं माथाडी कामगारांचा कायदा केला तो ह्याच वर्गाच्या कामास व मजुरीस नियमांचा आधार मिळावा म्हणून. ज्या नियमाचा उगम चुकींतच आहे त्याचा आधार हमालास कसा मिळावयाचा?

उलट बाजूचें एक उदाहरण घडलेलें आहे आणि तें जगप्रसिद्ध आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेनें मंगळाकडे पाठविलेलें मार्स क्लायमेट ऑर्बिटर हें यान २३ सप्टेंबर १९९९ रोजीं नष्ट झालें. यानाच्या लहान अग्निबाणांनीं दिलेला जोर जमिनीवरची एक आज्ञावली ब्रिटिश मापांत कळवीत होती, आणि तो वाचणारी दुसरी आज्ञावली ते आंकडे मेट्रिक मापांतले आहेत असें धरून चालली होती; दोहोंत सुमारें साडेचारपट अंतर. चौकशी झाली तेव्हां दोष कोणत्या बाजूचा हें निःशंकपणें सांगतां आलें, कारण दोन्ही आज्ञावलींच्या अगोदर माणसांनीं लिहिलेला एक विनिर्देश होता आणि त्यांत मेट्रिक माप वापरावें असें लिहिलें होतें. त्या कागदानें यान वांचविलें नाहीं, हें खरें. पण तो कागद पहिल्या आज्ञावलीवरून आपोआप काढला असता तर त्यांत ‘एक संख्या’ एवढेंच आलें असतें, फार तर ब्रिटिश माप आलें असतें. कागद व यंत्र ह्यांचा उत्तम मेळ बसला असता, यान पडलेंच असतें, आणि चुकलें कोण हें विचारण्यास जागाच उरली नसती. चूक हा शब्द वापरण्यास कृतीच्या बाहेर उभी असलेली कांहीं तरी वस्तु लागते.

आतां ह्यावर एक भारदस्त आक्षेप येतो. व्यवहार आधीं आणि नियम मागाहून, हीच जगाची रीत नव्हे काय? व्याकरणाचेंच पाहा. पतंजलीनें महाभाष्याच्या आरंभींच म्हटलें आहे कीं, घडा हवा असला तर मनुष्य कुंभाराच्या घरीं जाऊन घडा करून माग म्हणतो, पण शब्द हवे असले म्हणून वैयाकरणाच्या घरीं कोणी जात नाहीं. लोक शब्द आधींच वापरीत असतात. म्हणजे व्याकरण हेंहि चालू भाषेवरून काढलेलें वर्णनच आहे, आणि तें प्रमाण मानण्यांत कोणास कमीपणा वाटला नाहीं. मग यंत्राच्या वर्तनावरून काढलेल्या विनिर्देशानेंच काय पाप केलें?

ह्या आक्षेपाचें उत्तर पतंजलीजवळच आहे. लोक बोलतात तें सारें त्यानें प्रमाण मानलें नाहीं. कोणाचें बोलणें प्रमाण, ह्या प्रश्नास त्यानें शिष्टांचें असें उत्तर दिलें, आणि शिष्टांचें लक्षण सांगतांना ते कुंभभर धान्याचाच संग्रह करणारे, निर्लोभी असे असतात असें म्हटलें. व्याकरणाच्या प्रश्नांत धान्याचा साठा आणि लोभ ह्यांचा संबंध काय, असें प्रथमदर्शनीं वाटतें. तें लक्षण आज जसेंच्या तसें घेण्याचें कारण नाहीं. तत्कालीन आर्यावर्तांतील एका वर्णापुरतें तें आहे, आणि त्या निवडींत ज्यांस गाळलें त्यांचें म्हणणें निराळें असूं शकेल. परंतु निवड झाली होती, आणि ती अमुक निकषावर झाली असें उघड सांगितलें होतें, म्हणूनच त्या निकषाशीं आज भांडतां येतें. आज्ञावली वाचणारें साधन असें कांहीं निवडीत नाहीं. घाईंत लिहिलेली ओळ व विचार करून लिहिलेली ओळ, हेतु आणि अपघात, त्यास सारखींच. जें आहे तें सर्वच शिष्ट.

व्यवहाराचें वर्णन छापलें कीं त्याचें काय होतें ह्याचा अनुभव महाराष्ट्रास आहे. पेशवाई गेल्यावर मुंबई सरकारनें दख्खनमधील जातीजातींचे रिवाज जमविण्याचें काम आर्थर स्टील ह्या अधिकाऱ्याकडे दिलें. शास्त्री व जातींचे प्रमुख ह्यांस विचारून केलेला तो संग्रह १८२७ सालीं छापला गेला. त्याच वर्षीं झालेल्या चौथ्या रेग्युलेशनांत असें ठरलें कीं, पार्लमेंटचा कायदा किंवा सरकारचें रेग्युलेशन लागू नसेल तेथें मुलखाची वहिवाट पाहून न्याय द्यावा. स्टीलनें लिहिलें तें वर्णन होतें: अमुक जातींत अमुक चाल आहे. न्यायाधीशाच्या टेबलावर तें पुस्तक आलें म्हणजे तीच चाल असली पाहिजे असा त्याचा अर्थ होऊं लागतो. वहिवाट ही जिवंत वस्तु. ती एका गांवांत ढिली असते, दुसऱ्यांत कडक, आणि भाऊबंदांच्या बैठकींत ती हळूहळू बदलतहि असते. पुस्तकांत ती ज्या दिवशीं पकडली गेली त्या दिवशींच्या मुद्रेनें ती पुढें उभी राहते. स्टीलला दोष देण्याचें कारण नाहीं; त्यानें विचारलें तेवढें लिहिलें. दोष असेल तर वर्णनाच्या पुस्तकाकडे कायद्याचें पुस्तक म्हणून पाहणाऱ्या गरजू नजरेंत आहे, आणि ती नजर कोणत्याहि कचेरींत असतेच.

येथें माझ्या मूळ म्हणण्यास थोडी मुरड घालावी लागते. वर्णनानें वचन होत नाहीं असें मीं म्हटलें. पण इतर माणसें त्यावर विसंबूं लागलीं म्हणजे तें वचनासारखें होऊं लागतें. पडघ्याच्या कोणत्याहि शेतकऱ्यास हें ठाऊक आहे. शेजाऱ्याच्या बांधावरून एक कुटुंब उघडपणें, तंटा न होतां, हक्कानें, खंड न पडतां वीस वर्षें जात राहिलें तर १८८२ च्या ईझमेंट कायद्याच्या १५ व्या कलमाप्रमाणें त्या वाटेचा त्यास हक्क होतो. जमिनीच्या मालकानें कधींहि कबुली दिलेली नसते. वापरानेंच तो बांधला जातो. यंत्रांच्या जगांत हाच अनुभव गूगलमध्यें काम केलेले अभियंते हायरम राइट ह्यांच्या नांवानें सांगतात: वापरणारे पुरेसे झाले म्हणजे तुम्हीं कागदावर काय कबूल केलें होतें ह्यास महत्त्व उरत नाहीं, यंत्राची जी जी लकब बाहेरून दिसते तिजवर कोणी ना कोणी विसंबलेला असतोच. जमिनीच्या कायद्यानें निदान वीस वर्षें दिलीं आहेत; संगणकाच्या जगांत ही वहिवाट आठवड्याभरांत पडते. आपोआप निघालेला विनिर्देश प्रसिद्ध करणें म्हणजे आपल्या शेतांतील सर्व पायवाटा, चोरवाटासुद्धां, नकाशावर छापून गांवांत वांटण्यासारखें आहे. मग त्या वाटेनें कोणी आला तर ‘ही वाट मीं दिली नव्हती’ असें म्हणण्याचा अधिकार मालकास किती राहतो? फारसा नाहीं, असें मला वाटतें. यंत्रानें लिहिलें ही सबब चालावयाची नाहीं, कारण प्रसिद्ध करणें हें मनुष्याचें कृत्य आहे.

आतांपर्यंत केवळ आज्ञावली वाचणाऱ्या साधनांचा विचार झाला. गेल्या कांहीं वर्षांत कृत्रिम बुद्धीच्या प्रगतीबरोबर दुसरी एक जात आली आहे. ती आज्ञावलीबरोबर जुनीं टिपणें, माहितीपत्रकें, वापरणारांसाठीं लिहिलेल्या सूचना हेंहि सर्व वाचते, आणि दोहोंवरून एक गुळगुळीत विनिर्देश तयार करिते. वरवर पाहतां ही सुधारणा आहे. आज्ञावलींत हेतु सांपडत नाहीं असें आपण म्हणत होतों. टिपणांत तो सांपडतो. दोन्ही वाचलीं म्हणजे पूर्ण झालें! पण आपल्या गोदामाचें उदाहरण पुन्हां घ्या. जुन्या टिपणांत लिहिलें आहे: वजन टनांत, दोन दशांश स्थळांपर्यंत. आज्ञावली पूर्णांक देते. हीं दोन वाक्यें शेजारीं ठेवलीं तर कोणाहि शहाण्या माणसाच्या भुंवया वर जातील, आणि हमालांचे २.७ टन त्याच क्षणीं सांपडतील. दोहोंचा मेळ घालणारें साधन बहुधा असें लिहील: वजन, टनांत, पूर्णांक. वाक्य निर्दोष आहे, वाचावयास सोपें आहे, आणि सांपडण्याजोगी एकुलती एक खूण त्यानें पुसून टाकली आहे. शिवाय जेथें दोन्ही उगम गप्प असतात तेथें असें साधन शोभेलसें कांहीं तरी घालूनहि मोकळें होतें, आणि घातलेलें कोणतें व वाचलेलें कोणतें हें शाईवरून ओळखूं येत नाहीं.

टिपण आणि आज्ञावली ह्यांतील विरोध हा माझ्या मतें त्या सगळ्या सामग्रींतला सर्वांत मौल्यवान भाग आहे. श्रुति आणि स्मृति ह्यांत विरोध आला तर श्रुति प्रमाण, असा जैमिनीचा निर्णय आहे. पण त्यासाठीं आधीं विरोध मांडावा लागतो, पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानें सांगावा लागतो. पूर्वपक्ष खोडून टाकून नुसता सिद्धांत हातीं देण्याची रीत आपल्या शास्त्रांत नाहीं. आणि हें कांहीं जुन्या शास्त्रांपुरतेंच नाहीं. फास्टॅगच्या व्यवस्थेंत चिठ्ठीवर गाडीचा एक वर्ग नोंदलेला असतो, आणि नाक्यावरचें वर्गीकरणाचें यंत्र येणारी गाडी पाहून स्वतंत्रपणें तिचा वर्ग ठरवितें. चिठ्ठी म्हणते मोटार, यंत्र म्हणतें ट्रक, अशी तफावत पडली तर ती छायाचित्रांसह तपासणीसाठीं पाठविण्याची तरतूद तेथें केलेली आहे. नाक्यावर ही व्यवस्था नेहमीं सुरळीत चालते असें मी म्हणत नाहीं. चुकीचा टोल कापला गेल्याच्या तक्रारी वाहनवाल्यांच्या तोंडीं असतातच. पण रचना करणारांना एक गोष्ट कळली होती कीं, सांगितलेलें व दिसलेलें हीं दोन निराळीं ठेवावीं.

तर मग ह्या साधनांचा उपयोग काय? पुष्कळ आहे, फक्त त्यांच्या कागदास योग्य नांवानें हांक मारिली पाहिजे. आपल्याकडे त्यास पंचनामा असा चांगला शब्द आहे. पंचनाम्यांत जागेवर जें दिसलें तें लिहितात, भिंत कोठें आहे, दार कोणत्या दिशेस आहे. दार तेथें असावें कीं नसावें हें पंच सांगत नाहींत. आपोआप निघालेला विनिर्देश हा उत्कृष्ट पंचनामा होऊं शकतो, माणसानें केलेल्या कोणत्याहि पंचनाम्याहून बारीक. करारनामा निराळा लिहावा, आधीं लिहावा, तो आंखूड असला तरी चालेल, आणि मग यंत्रानें काढलेला पंचनामा त्याशेजारीं ठेवून दोहोंत कोठें कोठें फरक आहे हें यंत्राकडूनच रोज तपासून घ्यावें. असें करणारीं साधनेंहि आहेत आणि कांहीं ठिकाणीं तीं वापरतात. त्यांस मिळणारें कौतुक कमी, कारण तीं कामाची कटकट वाढवितात आणि दुसरीं ती वांचवितात.

कोणी म्हणेल कीं लहान व्यापाऱ्यास, ज्याचा संगणकाचा माणूस महिन्यांतून एकदां येतो त्यास, हा दुहेरी कारभार परवडणार नाहीं. हें खरें आहे, आणि म्हणूनच सर्व शेंकडों रकान्यांचा करार लिहावा असा आग्रह मी धरीत नाहीं. डेव्हिड पार्नास व पॉल क्लेमेंट्स ह्यांनीं १९८६ सालच्या एका लेखांत म्हटलें होतें कीं, आज्ञावलीची रचना कधींच कागदावर दाखवितात तितक्या सरळ क्रमानें होत नसते; तरी ती तशी झाली असती तर जे कागद निघाले असते ते मागाहून कां होईना लिहून ठेवावे. मागाहून लिहिण्यास माझीहि हरकत नाहीं. यंत्रानें काढलेला मसुदा माणसानें वाचावा, ‘पूर्णांक’ ह्या शब्दाशीं थांबून आपल्याला हेंच म्हणावयाचें होतें काय असें स्वतःस विचारावें, आणि होय असल्यास खालीं नांव घालावें. एवढ्यानेंहि अनुवादाचा विधि होतो. नांव घालतांना हात अडखळला तर तोहि फायदाच.

ओपनएपीआयच्या कागदांत आरंभीं कांहीं रकाने असतात. शीर्षक आणि आवृत्ति हे दोन भरल्यावांचून कागद ग्राह्य होत नाहीं. ज्याच्याकडे विचारणा करावी त्याच्या नांवापत्त्याचा रकानाहि तेथें आहे, पण तो ऐच्छिक ठेवला आहे. आणि आज्ञावलींत असें नांव नसल्यामुळें यंत्र तो आपण होऊन भरूं शकत नाहीं. गोदामांतला मुकादम आपले २.७ टन घेऊन ज्याच्याकडे जावयास हवा तो मनुष्य ह्याच रकान्यांत असावयाचा. जेथें कागदावरून कोणाची मजुरी, भाडें किंवा दंड ठरतो तेथें तरी हा रकाना सक्तीचा करण्यास काय अडचण आहे, हें मला समजत नाहीं.